मुंबईची हवा मोजतं कोण, मोजतात कशी आणि त्या आकड्याचं पुढे होतं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा उलटला, पंखा एक नंबरवर आला आणि समोरच्या टॉवरचे वरचे मजले दिसेनासे झाले की आमच्या चेंबूरच्या सोसायटीच्या ग्रुपवर ॲपचे स्क्रीनशॉट पडायला लागतात. एकाच्या फोनवर १२०, दुसऱ्याच्या १७८, तिसऱ्याकडे नुसतं ‘मध्यम’. मग भांडण. मी एका खासगी प्रयोगशाळेत अकरा वर्षं हवेचे नमुने तोलायचं काम केलं, त्यामुळे “काका, खरा आकडा कुठला?” असा फोन शेवटी माझ्याकडेच येतो. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा देण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो.

मुंबईची हवा महापालिकाच मोजते ना?

एकटी नाही. पालिकेची स्वतःची पाच स्वयंचलित केंद्रं आहेत: भायखळ्याची राणीची बाग, शिवडी, घाटकोपर, कांदिवली आणि गोवंडीचं शिवाजीनगर. पेंग्विन बघायला निघालेल्या किती जणांना ठाऊक असतं की त्याच बागेत हवा मोजणारी केबिन उभी आहे?

बाकीची बरीच केंद्रं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची आहेत. वांद्रे, सायन, कुर्ला, पवई, मुलुंड, विलेपार्ले ही त्यातली काही. तिसरं जाळं पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं. ‘सफर’ म्हणतात ते हेच. २०१५ मध्ये ते मुंबईत आलं आणि कुलाबा, माझगाव, वरळी, बीकेसी, अंधेरी, मालाड, बोरिवली, चेंबूर, भांडुप इथे त्याची केंद्रं उभी राहिली. ‘सफर’ नुसतं मोजत नाही, पुढच्या दिवसांचा अंदाजही देतं. या सगळ्यांच्या वर दिल्लीचं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ. मर्यादा, मोजण्याची पद्धत, एक्यूआयची (म्हणजे हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकाची) पट्टी हे सगळं तिथे ठरतं, आणि हा आकडा दाखवणारं ‘समीर’ ॲपही त्यांचंच.

केंद्र कुणाच्या मालकीचं आहे याच्याशी आपल्याला काय करायचंय, असं वाटेल. यंत्र बंद पडलं की कळतं. पालिकेत तक्रार नेली आणि केंद्र मंडळाचं निघालं, तर आठवडा गेलाच म्हणून समजा.

नेमकं काय मोजतात?

देशाची सध्याची मानकं नोव्हेंबर २००९ ची. त्यात १२ प्रदूषकं आहेत: दोन आकारांचे धूलिकण, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन, कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, शिसं, बेंझिन, बेंझोपायरिन, आर्सेनिक आणि निकेल. मुंबईत रोजचा वाद बहुतेक वेळा पहिल्या दोघांवर येऊन थांबतो. पीएम १० म्हणजे १० मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे. डोक्यावरचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. रस्त्याची आणि बांधकामाची धूळ पीएम १० मध्ये जास्त सापडते, धूर पीएम २.५ मध्ये. धूर फुप्फुसात खोलवर जातो, म्हणून डॉक्टर लोक त्यालाच जास्त घाबरतात.

चोवीस तासांच्या सरासरीची आपली मर्यादा पीएम १० ला १०० आणि पीएम २.५ ला ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. वर्षाच्या सरासरीला अनुक्रमे ६० आणि ४०. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सुचवलेली पीएम २.५ ची वार्षिक पातळी आहे ५. आपल्या चाळीसला आपण ‘मर्यादेत’ म्हणतो ते कुठल्या हिशोबानं, हे यावरून कळावं.

त्या केबिनमध्ये आत काय असतं?

बाहेरून बघाल तर एखादा लहान कंटेनर. छपरावर दोन-तीन नळ्या, त्यांच्या टोकाला उलट्या वाटीसारखी टोपणं, एक एसी, आणि नशीब असेल तर बाहेर चालू स्थितीतला आकड्यांचा बोर्ड. आत कपाटात एकावर एक यंत्रं, प्रत्येक वायूला वेगळं.

धूलिकणांचं यंत्र मला सगळ्यात आवडतं. त्यात कागदी फीत असते, जुन्या कॅसेटसारखी एका रिळावरून दुसऱ्या रिळावर सरकणारी. फितीवर एका जागी हवा ओढली जाते आणि धूळ तिथे गोल ठिपक्यासारखी बसते. त्या ठिपक्यातून बीटा किरण सोडतात. धूळ जितकी जास्त तितके किरण कमी पार होतात, त्यावरून वजन निघतं. तास संपला की फीत सरकते, नवा ठिपका सुरू. ही वापरून झालेली फीत मी एकदा हातात धरून पाहिली आहे, दिवाळीच्या आठवड्याची. दुपारचे ठिपके राखाडी, संध्याकाळचे जरा गडद, आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचे पाच-सहा ठिपके काजळाच्या डबीत बोट बुडवून उमटवल्यासारखे. त्यानंतर फटाक्यांवरच्या वादात मी पडत नाही.

नळीचं तोंड जमिनीपासून साधारण ३ ते १० मीटर उंचीवर हवं, झाडं-भिंती आड यायला नकोत, शेजारी भट्टी किंवा जनरेटर नको. मुंबईत अशी जागा शोधून दाखवा, हा वेगळाच प्रश्न.

हातानं मोजणं अजून चालतं का? आता सगळं ऑनलाइन आहे ना?

चालतं, आणि चालायला हवं. हवा मोजण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली हाताची केंद्रं आठवड्यातून दोन दिवस, चोवीस-चोवीस तास नमुने घेतात. वर्षाला १०४ दिवस. धुळीसाठी दर आठ तासांनी नवा कागद, वायूंसाठी दर चार तासांनी नव्या नळ्या.

माझं अर्धं आयुष्य या कागदात गेलं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. वहीच्या पानापेक्षा जरा मोठा, पांढराशुभ्र, काचतंतूंचा फिल्टर पेपर असतो. आधी तो बंद काचेच्या भांड्यात ठेवून ओलावा काढून टाकायचा, कारण मुंबईची दमट हवा कागदातही शिरते आणि वजनात खोटी भर घालते. मग मिलिग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत तोलणाऱ्या काट्यावर वजन. चिमट्यानंच उचलायचा, बोट लावायचं नाही. मग सॅम्पलरवर आवळून लावायचा. सॅम्पलर मिनिटाला साधारण १.१ घनमीटर हवा ओढतो, म्हणजे आठ तासांत ५२८ घनमीटर. कागद परत आला की पुन्हा ओलावा काढायचा, पुन्हा वजन. समजा ७४ मिलिग्रॅम वाढले. ७४,००० मायक्रोग्रॅमला ५२८ नं भागा: १४०. झाला तुमचा पीएम १०.

यात चुकायला जागा भरपूर. माझ्या पहिल्याच महिन्यात एका कागदाचं वजन वाढायच्या ऐवजी घटलं. साहेब म्हणाले, “वा! हवा इतकी स्वच्छ की कागदच झिजला!” झालं असं होतं की काढताना कागदाची कड रबराला चिकटून राहिली होती आणि तो तुकडा सॅम्पलरवरच होता. नमुना बाद. बाद म्हणून लिहायला लाज वाटायची, पण लिहिला.

हाताच्या पद्धतीची खोट एकच, तिला घाई जमत नाही. सोमवारी आणि गुरुवारी नमुने घेत असाल आणि मंगळवारी कचऱ्याला आग लागली, तर कागदाला पत्ताच नाही. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचं डंपिंग ग्राउंड पेटलं, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. अशा वेळी दर तासाला सांगणारं यंत्रच कामाचं. उलट वर्षानुवर्षांची तुलना करायची किंवा धुळीत शिसं किती, निकेल किती हे शोधायचं, तर हातात कागद लागतो. तो विरघळवून तपासता येतो.

एक्यूआय कसा काढतात? सगळ्यांची बेरीज करतात का?

नाही. बेरीज नाही, सरासरीही नाही. जो सगळ्यात वाईट, त्याचा आकडा सगळ्यांच्या नावावर. वर्गातला एक नापास म्हणून अख्खा वर्ग नापास, तसं.

ही पट्टी एप्रिल २०१५ मध्ये लागू झाली. १२ पैकी ८ प्रदूषकं तिच्यात येतात. प्रत्येकाचा स्वतंत्र उपनिर्देशांक काढतात आणि त्यातला सर्वांत मोठा तो एक्यूआय. किमान तीन प्रदूषकांची माहिती हवी, त्यात एक तरी धूलिकण हवा, आणि चोवीसपैकी निदान सोळा तासांचे आकडे हवेत.

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. पीएम १० आहे १४०. पट्टीवर १०१ ते २५० मायक्रोग्रॅम म्हणजे एक्यूआय १०१ ते २००. त्या प्रमाणात १४० चे होतात १२७. त्याच दिवशी पीएम २.५ आहे ७५. तिथे ६१ ते ९० म्हणजे १०१ ते २००. त्या हिशोबानं ७५ चे होतात १४९. ओझोन, नायट्रोजन वगैरे समजा ऐंशीच्या खाली. तर त्या केंद्राचा एक्यूआय १४९ आणि ‘मुख्य प्रदूषक पीएम २.५’. ही शेवटची ओळ कुणी वाचत नाही, आणि मी म्हणेन तीच आधी वाचा. हवेत धूर आहे की धूळ, हे तिच्यातून कळतं.

पन्नासपर्यंत चांगली, शंभरपर्यंत समाधानकारक, दोनशेपर्यंत मध्यम, तीनशेपर्यंत वाईट, चारशेपर्यंत अतिवाईट, त्यापुढे गंभीर. ‘मध्यम’ या शब्दावर माझा राग आहे. १०१ च्या वर गेलं म्हणजे दिवसाची मर्यादा ओलांडली. दम्याच्या माणसाला त्रास व्हायला लागतो ती ही पायरी, आणि शब्द असा की वाटावं वरण जरा मध्यम तिखट झालंय.

मग वेगवेगळ्या ॲपवर वेगवेगळे आकडे का?

तीन कारणं, आणि बहुतेक वेळा तिन्ही एकदम.

परदेशी ॲप अमेरिकेची पट्टी वापरतात. पीएम २.५ जर ६० असेल तर आपल्या पट्टीवर तो नेमका १००, म्हणजे ‘समाधानकारक’. तीच हवा अमेरिकेच्या पट्टीवर दीडशेच्या पुढे जाते आणि लाल दिसते. हवा तीच, फूटपट्टी वेगळी.

दुसरं, काही ॲप शेवटच्या तासाचा आकडा दाखवतात, सरकारी एक्यूआय मागच्या चोवीस तासांचा. १३ मे २०२४ च्या दुपारी मुंबईत धुळीचं वादळ आलं, भरदिवसा अंधारलं. अशा वेळी तासाचा आकडा झटक्यात आभाळाला भिडतो आणि चोवीस तासांचा हळूहळू चढतो. मग वादळ निघून गेल्यावरही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो चढलेलाच राहतो.

तिसरं, जागा. ‘मुंबई’ असं लिहून एकच आकडा दिसला तर ती केंद्रांची सरासरी असते. केंद्रीय मंडळाचं रोजचं पत्रक दुपारी चारला निघतं, त्यात शहराला असा एक आकडा मिळतो. समजा समुद्राकाठचं केंद्र ७० वर आणि गोवंडीचं २१० वर. सरासरी १४०. ती हवा मुंबईत कुणीच घेतली नाही. बातमीत ‘मुंबईचा एक्यूआय’ वाचलात की आधी केंद्र शोधा, तारीख-वेळ बघा, मग काय ते बोला.

ॲप ‘समाधानकारक’ म्हणतं, पण सकाळी पुसलेली खिडकी दुपारी बोटानं नाव लिहिण्याइतकी धुळकट. खोटं कोण बोलतंय?

कुणीच नाही. खिडकीत बसते ती बहुतेक जाड धूळ, दहा मायक्रॉनपेक्षा मोठी. यंत्राच्या तोंडाशीच तिला अडवतात, ती मोजायची नसतेच. शिवाय तुमच्या शेजारी पुनर्विकासाचं काम चालू असेल आणि केंद्र तीन किलोमीटरवर असेल, तर ती धूळ तिथवर पोचायच्या आधीच खाली बसते. तुमची तक्रार खरी आहे. फक्त तिचा पुरावा केंद्राच्या आकड्यात सापडणार नाही, तो तुम्हाला गोळा करावा लागेल. त्याबद्दल खाली.

बांधकामाच्या जागेवर सेन्सर लावलेत. आणि मुलानं ऑनलाइन एक छोटं यंत्र मागवलंय. विश्वास ठेवायचा का?

अर्धा. हे स्वस्त सेन्सर धुळीचं वजन करत नाहीत. आत लेझरचा झोत असतो, कणांवरून प्रकाश किती विखुरतो ते बघून अंदाज बांधतात. आणि आपल्या हवेत पाणी किती! दमट हवेत कण ओलावा पिऊन फुगतात, सेन्सरला ते मोठे दिसतात आणि आकडा वाढतो. मोठ्या यंत्रात हवा आत घेतानाच गरम करून ओलावा कमी करतात, स्वस्तात ती सोय नसते. म्हणून पहाटे धुकं असताना घरातलं यंत्र ओरडलं तर लगेच घाबरू नका. माझ्या भाचीकडे असंच एक आहे. हिरव्या मिरचीची फोडणी पडली की साठावरून सरळ चारशेवर जातं, आणि तिची सासू म्हणते, “बघ, मी जेवण करते म्हणून प्रदूषण होतं!”

तरी त्यांचा उपयोग आहे. एकच यंत्र, एकाच जागी, महिनाभर ठेवा. आकडा खरा किती यापेक्षा तो कधी चढतो ते बघा. रोज रात्री अकरा ते तीन चढत असेल, तर रात्री डंपर येतात की कुठे कचरा जळतो हे शोधायला दिशा मिळते.

बांधकामावरच्या सेन्सरबद्दल मी एवढंच विचारतो: लावलाय कुठे? कार्यालयाच्या एसी केबिनशेजारी, की जिथे सिमेंटची पोती फुटतात तिथे?

केंद्राभोवती पाणी मारून आकडा खाली आणतात म्हणे?

पाण्यानं रस्त्याची जाड धूळ बसते, त्यामुळे पीएम १० थोडा उतरू शकतो. धुराचे बारीक कण पाण्याच्या फवाऱ्याला फारसे दाद देत नाहीत. थंडीत मुंबईचा आकडा ज्या दिवशी पीएम २.५ वर अडकलेला असतो, त्या दिवशी टँकर ओतून पालिकेचंच पाणी जाईल.

मध्येच केंद्राचा आकडा गायब होतो. लपवाछपवी?

संशय येणं साहजिक आहे. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा कारण फार रुक्ष असतं: फीत संपली, एसी बंद पडून यंत्र तापलं, वीज गेली, नेट गेलं, किंवा यंत्राचं प्रमाणीकरण चालू होतं. सोळा तास भरले नाहीत तर एक्यूआय दाखवायचा नाही, असा नियमच आहे. पण एखादं केंद्र ऐन थंडीत आठवडाभर मुकं असेल तर कारण विचारायचा तुम्हाला हक्क आहे, आणि विचाराच. विचारणारे कमी आहेत म्हणूनच फीत वेळेवर बदलली जात नाही.

आपल्याला तर समुद्र आहे. मग थंडीत हवा का बिघडते?

समुद्रावरून वारा येतो तोवर तो आपली घाण उचलून नेतो. पावसाळ्यात तर हवा धुऊनच निघते. जुलै-ऑगस्टात आमचे फिल्टर पेपर जवळपास कोरे परत यायचे, पुन्हा वापरावेत इतके. मान्सून गेला की वारा मंदावतो, रात्री-पहाटे तो जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, आणि जमिनीलगतच्या थंड हवेवर गरम हवेचा थर झाकणासारखा बसतो. गाड्या तितक्याच, कामं तितकीच, झाकण मात्र खाली आलेलं. त्यात समुद्राचा वारा दुपारी उशिरा सुरू झाला की सकाळचा धूर तिथेच तरंगतो. म्हणून मी सकाळी साडेसहाला फिरायला जाणाऱ्यांना डिसेंबर-जानेवारीत दुपारी चारनंतर जा म्हणतो. ऐकत कुणी नाही.

आकडा वाढला की पालिका काय करते?

मोजणं आणि आवरणं ही वेगळी खाती आहेत, हे आधी पक्कं करा. हवेच्या १९८१ च्या कायद्यानं कारखाने, आरएमसी प्लांट (तयार काँक्रीट बनवणारे) यांच्यावरची मुख्य सत्ता प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे. पालिकेच्या हातात बांधकाम परवानग्या, रस्ते झाडणं, कचरा, राडारोडा. गाड्यांचा धूर परिवहन खातं आणि वाहतूक पोलिसांकडे.

२०२३ च्या मार्चमध्ये पालिकेनं वायू प्रदूषण शमन आराखडा जाहीर केला. पण खरी धावपळ त्या वर्षी ऑक्टोबरात झाली. हवा इतकी बिघडली की उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. त्याच सुमारास पालिकेनं बांधकामांसाठी नियमावली काढली. एक एकरापेक्षा मोठ्या जागेला किंवा ७० मीटरपेक्षा उंच इमारतीला भोवती ३५ फूट उंच पत्रे, त्याहून लहान जागेला २५ फूट. पाडकाम चालू असताना ओलं हिरवं कापड किंवा ताडपत्री, सतत पाणी. राडारोड्याच्या गाड्या झाकलेल्या, आणि गेटमधून बाहेर पडताना चाकं धुतलेली.

३० डिसेंबर २०२४ ला आयुक्त भूषण गगराणी यांनी भायखळा आणि बोरिवली पूर्व या दोन भागांतली सगळी बांधकामं थांबवल्याचं जाहीर केलं, कारण तिथला एक्यूआय दोनशेच्या वर राहिला होता. केंद्राचा आकडा थेट कामाच्या गेटवर जाऊन आदळल्याचं मला आठवणारं हे सगळ्यात ठसठशीत उदाहरण. नंतर २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या आणि तंदूरभट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. पावाची चव बदलेल म्हणून हळहळणाऱ्यांत मीही आहे, पण भट्टीच्या वरच्या खोलीत राहणाऱ्या बाईला विचारून बघा.

तक्रार कशी करायची म्हणजे ती चालेल?

“हवा फार खराब आहे” ही तक्रार नव्हे, तो सुस्कारा. असं लिहा: कुठे, किती वाजता, कोण, काय मोडलं. उदाहरणार्थ: “अमुक रस्त्यावर, अमुक दवाखान्यासमोर, काल रात्री ११.२० ला, तीन डंपर ताडपत्रीशिवाय बाहेर पडले, चाकं धुतली नव्हती, रस्त्यावर चाळीस पावलं चिखलाचे पट्टे.” सोबत फोटो, ज्यात गेट आणि कामाचा फलक दिसेल. त्या फलकावर विकासकाचं नाव, परवानगीचा क्रमांक असतो, तो उतरवून घ्या.

बांधकाम, कचरा जाळणं, राडारोडा यासाठी पालिकेचा १९१६ आणि तुमच्या भागाचं विभाग कार्यालय, म्हणजे आपलं वॉर्ड ऑफिस. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. आरएमसी प्लांट किंवा कारखाना असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळ. ‘समीर’ ॲपवरूनही तक्रार नोंदवता येते.

आमच्या गल्लीत एका कामाबद्दल आम्ही सात तक्रारी केल्या. पहिल्या सहा ‘कार्यवाही पूर्ण’ म्हणून बंद झाल्या, पत्रे होते तसेच फाटके. सातव्या वेळी समोरच्या चाळीतल्या काकूंनी दोन आठवडे रोज एकाच खिडकीतून, एकाच वेळी फोटो काढले आणि चौदा फोटो एका कागदावर छापून आम्ही साहेबांच्या टेबलावर ठेवले. चौथ्या दिवशी नवे पत्रे लागले. चाकं अजून धुवत नाहीत, ते चालू आहे.

परदेशातल्या नगरपालिका काय वेगळं करतात?

ब्रिटनचं उदाहरण घ्या. तिथे १९९५ च्या पर्यावरण कायद्यानं हवेचा आढावा घेण्याची जबाबदारी थेट स्थानिक पालिकांवर टाकली. मर्यादा ओलांडणारा भाग सापडला की पालिकेनं नकाशावर रेघ मारून तो भाग जाहीर करायचा आणि कृती आराखडा करायचा. मोजायला महागडी यंत्रं आहेतच, पण जोडीला नायट्रोजन डायऑक्साइडसाठी बोटाएवढ्या प्लॅस्टिकच्या नळ्या दिव्याच्या खांबांना अडकवतात, महिन्याभरानं काढून प्रयोगशाळेत पाठवतात. तास-दिवसाचा चढउतार त्यात कळत नाही, पण कुठल्या नाक्यावर धूर जास्त ते स्वस्तात कळतं. आपल्याकडे सायन सर्कलपासून साकीनाक्यापर्यंत अशा नळ्या टांगल्या तर काय दिसेल, हे बघायची मला फार इच्छा आहे.

जुने आकडे मिळतात का?

मिळतात. केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावरून केंद्रनिहाय, तासातासाचे आकडे फुकट उतरवता येतात. पालिका दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल काढते, त्यात हवेवर प्रकरण असतं. तिथेही नसेल तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज. उत्तराला ३० दिवस.

मास्क लावावा का?

कापडी नको, धुरापुढे तो पदरासारखाच. एन ९५, नाकाला घट्ट बसणारा. दम्याचे रुग्ण असतील तर डॉक्टरांना विचारून.

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर केंद्र बसवता येईल का? जागा फुकट देतो!

हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी मोठ्या मनानं विचारतं. इमारत किती मजली? सात. मग नळीचं तोंड वीस मीटरच्या वर जाईल, आणि आपण श्वास घेतो खाली रस्त्यावर. एक-दोन मजली शाळा, दवाखाना, पालिकेची चौकी अशी छपरं त्यापेक्षा बरी. अखंड वीज हवी, एसीचं बिल कुणी भरायचं ते ठरायला हवं, आणि माणसाला केव्हाही वर जाता यायला हवं. रखवालदारानं “सेक्रेटरी गावाला गेलेत, चावी नाही” म्हणून सॅम्पलरवरचा कागद सोळा तास तसाच राहिलेला मी पाहिला आहे. आणि हो, त्या छपरावर कबुतरांना दाणे टाकणारं कुणी नको. टोपणावर बसायला त्यांना फार आवडतं.